पाट्या भरेपर्यंत

अब्बांच्या खोलीत दारामागच्या खुंटीला एक रेग्झिनची पिशवी अडकवलेली होती. ते गेल्यापासून ती कुणी उतरवली नव्हती. काल मी उतरवली. आत दोन लुंग्या, एक स्वेटर, नमाजाची जानमाज आणि तळाशी कल्हईच्या नवसागराची पुडी. पुडी प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत, वर सुतळीचे घट्ट वेढे. उमरग्यात नवसागर असा कुणी बांधून ठेवत नाही, इथल्या हवेत मीठ नसतं, तो पाझरत नाही. ही पुडी समुद्राकडं निघालेली होती, आणि कुणाकडं ते मला ठाऊक आहे. मी ती नाकाला लावली, तर नुसता प्लॅस्टिकचाच वास आला. मग जी खाटेवर बसून रडायला लागले, ती शेजारच्या बसप्पाकाकांनी चहा पाठवला तेव्हा कुठं थांबले.

बाहेर पाऊस लागलाय. हैदराबाद रस्त्यावरून ट्रक पाणी उडवत चाललेत, पत्र्यावर ताशा वाजतोय. अब्बांना जाऊन हा दुसरा पावसाळा. ते गेले त्या वर्षीचा पावसाळा आम्ही दोघांनी अंदमानात काढला होता. आता पाऊस कुठंही पडो, मला तोच आठवतो.

मी समुद्रावर काम करते म्हटलं की आमच्याकडं लोक हसतात. उन्हाळा लागला की टँकरची वाट बघायची असल्या मुलखातली पोरगी समुद्रात करते काय? ‘मासे धरतीस व्हय?’ असं बसप्पाकाका दर खेपेला विचारतात, आणि दर खेपेला मी चिडते. मासे धरत नाही हो. अंदमानातल्या एका बंदराच्या धक्क्याखाली मी प्लॅस्टिकच्या पाट्या सोडते. चौकोनी, राखाडी, जेवणाच्या ताटाएवढ्या. त्या लोखंडी चौकटीत बसवायच्या, दोरानं पुरुषभर खोल सोडायच्या आणि वाट बघायची. समुद्रात रिकामी जागा फार काळ रिकामी राहत नाही. आधी पाटीवर बुळबुळीत थर धरतो, मग ठिपके उमटतात, मग शिंपले येतात, पाण्याच्या इवल्या थैल्यांसारखे जीव येतात, चुन्याच्या नळ्या करून राहणारे किडे येतात. जो तो आपली जागा धरून बसतो. मग मी पाटी वर काढते आणि बघते, यातले इथले कोण आणि बाहेरून आलेले कोण.

बाहेरून म्हणजे फार लांबून. जहाजाच्या बुडाला चिकटून येतात, नाहीतर तोल सांभाळायला जहाज पोटात जे पाणी भरून घेतं त्या पाण्यातून येतात. बेटावरचे जीव पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच राहिलेले. त्यांच्यात असा एखादा नवखा उतरला आणि त्याला तिथलं पाणी मानवलं, की खांब, साखळ्या, बोटींची बुडं, सगळं तोच व्यापतो. आधीच्यांना टेकायला जागा उरत नाही. त्या वर्षी आम्ही एका शिंपल्याच्या मागावर होतो. नखाएवढा जीव, कवचावर काळपट पट्टे, मूळचा अमेरिकेच्या बाजूचा. तो आमच्या बंदरात आलाय की नाही, एवढंच बघायचं होतं. लवकर कळलं तर काही हालचाल करता येते. उशिरा कळलं तर हात चोळत बसायचं.

अब्बांना मी हे बाहेरच्या जिवांचं फोनवर सांगितलं होतं, अम्मी होती तेव्हा; पाट्यांचं सांगायचं राहिलं. सगळं ऐकून म्हणाले, ‘‘म्हंजी गाजरगवत.’’

मी थक्क झाले. खरंच की. गाजरगवत काही आमचं नव्हे, आणि पावसाळ्यात सोयाबीनचे कोवळे कोंब फस्त करणारी ती शंखी गोगलगायही आमची नव्हे. बांधावर उभं राहून दोन्हींना शिव्या घालणारी माणसं मी लहानपणापासून ऐकलीत. मला उगाच वाटायचं की माझं काम घरी कुणाला समजणार नाही.

अब्बा कल्हईवाले. बसस्टँडच्या मागं, बसप्पाकाकांच्या चहाच्या गाड्याशेजारी त्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एक भट्टी, एक भाता आणि वर पत्रा. घरी आमची बोली दखनी, पण मी मराठी शाळेत जायला लागले तशी अब्बांनी माझ्याशी मराठी धरली ती शेवटपर्यंत, अगदी दुकानातली मराठी. मळलेलं पातेलं आलं की आधी त्यात वाळू टाकायची, स्वतः आत उभं राहायचं आणि कंबर हलवत पायानं घासायचं. मग भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथील फिरवून कापसानं एकच हात गोल मारायचा. काळं पातेलं बघता बघता चांदीचं व्हायचं. अणदूरला खंडोबाची यात्रा जवळ आली की अब्बा भाता सायकलला बांधून निघायचे, येरमाळ्याच्या यात्रेआधीही तसंच, आणि उरूस आला की दर्ग्याच्या देगा, म्हणजे मोठाले हंडे. सगळ्यांना कथील एकच. नंतर स्टील आलं, त्यामागून काळ्या लेपाची भांडी आली, आणि भट्टी आठवड्यातून एखाद दिवस पेटायला लागली. तरी कुणाच्या घरी जेवायला गेले की अब्बा आधी ताटाची कड बोटानं घासून बघायचे. अम्मी डोळे वटारायची. ‘‘मळ दिसला की हात वळवळतो, म्या काय करू?’’ म्हणायचे.

अम्मी त्या वर्षी उन्हाळ्यात गेली. मी एकुलती, लग्न केलेलं नाही, राहते समुद्रापलीकडं. अब्बा इथं एकटे, सकाळच्या दोन भाकरी बसप्पाकाकांच्या घरून. मी म्हटलं, माझ्याकडं चला, कायमचे चला. ते कुठले ऐकायला. ‘‘लेकीच्या कमाईवर बसून खाऊ? लोकं काय म्हणतील?’’ लोकं म्हणजे कोण, तर बसप्पाकाका, आणि ते बिचारे स्वतः सांगत होते की जावा म्हणून. शेवटी तोडगा निघाला. एक महिना यायचं, करमलं तर पुढचं बघायचं. करमावं म्हणून मी किती दुवा मागितल्या ते मलाच माहीत. मला अम्मी मिळाली नाही शेवटच्या वेळी, विमान चुकलं होतं. आता अब्बा तरी डोळ्यांसमोर हवे होते.

आले. समुद्र बघितला. मग म्हणाले, ‘‘येवढं पाणी, अन्‌ पिता येत न्हाय? मग काय उपेग?’’ माझ्या नळाला चोवीस तास पाणी असायचं, तरी ते तोंड धुतलेलं पाणी तांब्यात धरून जास्वंदीला घालायचे. मी म्हणायची, अब्बा, बाहेर धो धो पाऊस कोसळतोय, जास्वंद बुडायला लागलीय. ‘‘आसू दे. सवय मोडली की मानूस मोडतो.’’

जोसेफशी त्यांचं जमलं. जोसेफ म्हणजे आमच्या प्रयोगशाळेची बोट चालवणारा. त्याच्या आजोबांना रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला बेटावर आणलं होतं, ते तिथलेच झाले. त्याच्या शेजारी तमिळ, पलीकडं बंगाली, समोर तेलुगू. कुणी कुणाला ‘मूळचे कुठले’ विचारलं तर समोरचाही हसून तेच विचारायचा. अब्बांना याचं फार अप्रूप. इथं उमरग्यात चार पिढ्यांच्या कबरी दाखवता येतात, तरी नवा कुणी साहेब दुकानाशी थांबला की नाव ऐकून हमखास विचारायचा, मूळचे कुठले तुम्ही? माझ्या डोक्यात तिडीक जायची. अब्बा शांतपणे सांगायचे, ‘‘उमरग्याचेच, साहेब. पातेलं दुपारी न्या.’’ बेटावर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाले, ‘‘हितं समदेच बाहीरचे. बरं हाय.’’

आणि मग ती सकाळ.

आदल्या दिवशी तुफान झालं होतं. प्रयोगशाळेची वीज गेली. उन्हाळ्याआधी सोडलेल्या पाट्या त्याच दिवशी वर काढल्या होत्या, म्हणून मी त्या समुद्राच्या पाण्याच्या टबात घालून घरी आणल्या आणि व्हरांड्यात ठेवल्या. उजेडी बघू म्हटलं. सकाळी उठले तर व्हरांड्याच्या भिंतीशी सगळ्या पाट्या ओळीनं टेकवून ठेवलेल्या. लखलखीत. उमरग्याच्या दुकानात घासलेली भांडी निथळायला ठेवायचे, अगदी तशाच तिरक्या. शेजारी नारळाची शेंडी, चुलीतली राख आणि अब्बा. पहाटे फजरची नमाज झाल्यावर हातात काम नव्हतं त्यांच्या. लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली, चेहऱ्यावर अम्मी गेल्यापासून पहिल्यांदा दिसलेलं हसू.

‘‘काय गं, किती घाण ठिवतीस! लई चिवट हुतं. शिंपले तर सुटंनातच. कल्हई लागत न्हाय हिला, नायतर चमकवूनच दिल्या असत्या.’’

चार महिन्यांचं काम मोरीतून वाहून गेलं होतं. त्यात पट्टेवाला शिंपला होता की नव्हता, आता कोण सांगणार? हसावं की डोकं आपटावं? छान झाल्या म्हणून वेळ मारून न्यावी असंही क्षणभर मनात आलं. पण अब्बांना खोट्या तारिफेचा वास येतो. तेव्हा बसले त्यांच्याशेजारी, आणि त्या घाणीसाठीच मी पाट्या सोडते हे सांगितलं.

त्यांनी हातातली शेंडी खाली ठेवली.

‘‘म्हंजी त्ये जितं हुतं?’’

‘‘हो, अब्बा.’’

‘‘समदं?’’

‘‘बरंचसं.’’

ते उठले, मोरीत गेले, वाकून बघितलं. तिथं थोडा चुरा राहिला होता. तो त्यांनी हातानं गोळा केला आणि जास्वंदीच्या बुडाशी घातला. नंतर हात धुतले आणि बराच वेळ ओठांतल्या ओठांत तौबा म्हणत बसले. माझं काम बुडालं याचं त्यांना वाईट वाटलंच, पण नकळत एवढे जीव गेले याचं त्याहून वाटलं. दुपारी जेवताना मध्येच विचारलं, ‘‘त्यो पट्ट्यावाला, त्येचा गुन्हा काय पन?’’

मी म्हटलं, ‘‘गुन्हा काही नाही. जहाज नेईल तिकडं गेला. पण तो पसरला तर बाकीचे मरतात.’’

‘‘मग त्याला मारनार तुमी?’’

‘‘सापडला तर खरडून काढावा लागेल. जमेल तितका.’’

भात चिवडत राहिले. ‘‘अवघड हाय बाबा तुझं काम,’’ म्हणाले.

त्यांच्या त्या प्रश्नाचं नीट उत्तर मला आजही देता येत नाही. जीव आणि माणूस यांची तुलना करू नये हे मी चारचौघांत ठासून सांगते, आणि ते खरंच आहे. पण कागदावर ‘बाहेरून आलेले’ असं लिहिताना माझा हात थोडा थांबतो.

संध्याकाळी अब्बांनी निकाल दिला. ‘‘पाट्या म्या घासल्या, म्या भरून देनार. भरल्याबिगर जायचं न्हाय.’’ जणू काही ते स्वतःच पाण्यात उतरून शिंपले चिकटवणार होते! पण महिन्याची मुदत मोडली होती, आणि ती त्यांनीच मोडली होती. मी कॅलेंडर बघायचं सोडून दिलं.

तो पावसाळा. धक्क्यावरच्या शेवाळाचा वास, डिझेलचा वास, जोसेफच्या बिडीचा वास. अब्बा उमरग्याहून आणलेली काळी छत्री धरून धक्क्याच्या कडेला उभे, आणि आम्ही दोर ओढून चौकट वर काढतोय. कधी मी, कधी माझ्याआधी जाऊन ते आणि जोसेफ. पहिल्यांदा पाटीवर नुसता बुळबुळीत थर आला. ‘‘साय धरली,’’ अब्बा म्हणाले. मग मोहरीएवढे ठिपके. ‘‘फोडनी पडली.’’ हात पाठीमागं बांधून बघायचे, बोटसुद्धा लावायचे नाहीत. जोसेफ हसायचा. त्याच्या घरी त्याच्या आईचं पितळी पातेलं होतं, काळंठिक्कर पडलेलं. अब्बांनी ते बघितलं मात्र, हात वळवळायला लागले. पण आम्ही सगळा बाजार पालथा घातला, नवसागर काही मिळाला नाही. ‘‘उमरग्यात मिळतो,’’ अब्बा त्याला म्हणाले, आणि वर स्वतःच्या हिंदीत, ‘‘लाता मैं.’’

खरं सांगू? मी मनातून म्हणत होते, पाट्या भरू नयेत. ज्या कामासाठी पगार घेते त्याच्या उलट दुवा मागत होते. सकाळी उठल्यावर व्हरांड्यात त्यांचं खोकणं ऐकू यायचं आणि मला वाटायचं, बस, असंच असू दे. इतकी सुखात मी त्याआधी नव्हते, नंतरही नाही.

पण समुद्र कुणाचं ऐकतो? सरता सरता पावसाला जरा उघडीप आली आणि पाट्या गच्च भरल्या. पट्टेवाला शिंपला आधी अब्बांनाच दिसला. हात न लावता, छत्रीच्या टोकानं लांबूनच दाखवला. ‘‘आला गं तुझा पाव्हना.’’ नखाएवढा, एका पाटीच्या कोपऱ्यात, शेजारी आणखी दोन. मी भिंगातून बघितलं. तोच. बंदराला कळवायचं होतं, बोटींची बुडं खरवडायची होती, खांब तपासायचे होते. धावपळ सुरू झाली. तीन चौकटींपैकी दोन प्रयोगशाळेत नेल्या, तिसरी पुढं काय होतं ते बघायला पाण्यातच ठेवली.

त्या रात्री जेवताना अब्बा म्हणाले, ‘‘झालं माझं काम. तिकीट काढ.’’

मी राहा म्हणाले नाही असं नाही. म्हणाले. पण पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाले, घाई काय आहे वगैरे. त्यांनी आपणहून ‘राहतो’ म्हणावं याची मी वाट बघत होते. ओढून ठेवलेला माणूस करमत नाही म्हणून झुरतो, अशी मला धास्ती होती. ते कशाची वाट बघत होते, ते मला तेव्हा कळलं नाही. शेवटच्या आठवड्यात दोनदा विचारलं त्यांनी, ‘‘ती ऱ्हायलेली चौकट उचलली का गं?’’ मी म्हटलं, समुद्र खवळलाय, पुढच्या आठवड्यात बघू. मला वाटलं, कामाची काळजी. निघताना जास्वंदीला तांब्याभर पाणी घातलं आणि गाडीत बसले. विमानतळावर दाराशी एकदा मागं वळून बघितलं, छत्री उंच केली आणि आत गेले.

समुद्र शांत झाल्यावर आम्ही तिसरी चौकट वर काढली. सगळ्या पाट्या शिंपल्यांनी भरलेल्या, आणि मधली एक स्वच्छ. नुकती पहिली साय धरू लागलेली. बोटानं ती साय पुसली तर खाली ओरखडे दिसले. गोल, एकात एक, कडेपासून मधोमध येत गेलेले. असा हात मी जन्मभर पातेल्यांच्या बुडाशी बघितलेला आहे.

मी जोसेफकडं बघितलं. तो दोर गुंडाळायला लागला. मग खाली मान घालून म्हणाला, ‘‘अंकलने मना किया था, मॅडम. बोले, बेटी खुद देखेगी.’’

जित्या जिवाला पुन्हा हात लावायचा नाही म्हणून तौबा केलेला माणूस. त्यानं निघायच्या आधी एक पाटी घासली होती, आणि मी ती वर काढावी म्हणून आठवडाभर वाट बघितली होती. लेकीला ‘मला राहायचंय’ म्हणणं त्यांच्या जिभेवर येण्यासारखं नव्हतं. पाटी रिकामी असली की थांबायचं, हा आमचा करार होता. तेवढ्यावर त्यांनी भिस्त ठेवली होती.

धक्क्यावरूनच फोन लावला. पाठीमागून ट्रकचे भोंगे ऐकू येत होते, म्हणजे ते दुकानात बसलेले.

‘‘अब्बा, एक पाटी घासलेली सापडली.’’



‘‘व्हय?’’ मग घसा खाकरला. ‘‘मग ती भरंस्तवर बघाय पायजे की कुनीतरी.’’

‘‘या ना अब्बा. आत्ताच्या आत्ता या. कायमचे या.’’

‘‘येतो येतो. तिकडचा पाऊस उघडू दे. जोसेफसाठी नवसागर बी घ्यायचाय.’’

तिकडचा पाऊस डिसेंबर सरता सरता उघडतो. अब्बा त्याच्या आधी, इथं थंडी पडली तेव्हा, झोपेतच गेले. आता मी परत निघालेय, पाट्या सोडायचे दिवस आहेत. खुंटीवरची ती पिशवी जशीच्या तशी घेतलीय. जोसेफच्या आईचं पातेलं अजून काळंच आहे, आणि कल्हई मला येत नाही. पण वाळू टाकून पायानं घासायचं कसं, ते मी पाहिलेलं आहे.